दुसऱ्याच्या गोळीला हात

पन्हाळ्यावर माझं औषधाचं दुकान आहे. बाहेरच्या माणसाला पन्हाळा म्हणजे तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत पन्हाळा आहे, तेव्हापासून पर्यटक आणखी वाढलेत. आम्हा इथल्या लोकांना मात्र पन्हाळा हे तालुक्याचं गाव. गडावरची वस्ती जेमतेम तीन हजारांची. पण कचेरी इथं, ग्रामीण रुग्णालय इथं. त्यामुळे नेबापूर, आपटी, जेऊर, बुधवार पेठ आणि मसाई पठाराकडच्या वाड्यांतली माणसं कागदपत्रांच्या कामाला वर येतात आणि जाताना माझ्याकडून औषधं नेतात. कोल्हापूर वीस किलोमीटरवर. मोठा डॉक्टर, मोठी तपासणी, ऑपरेशन म्हटलं की तिकडं खाली उतरायचं.

या व्यवसायात राहून मला एक गोष्ट दिसते, जी डॉक्टरांना सहसा दिसत नाही. एकाच माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या. हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दिसतो, डोळ्यांच्या डॉक्टरांना मोतीबिंदू दिसतो, हृदयाच्या डॉक्टरांना ईसीजी दिसतो. सगळ्यांच्या गोळ्या शेवटी एकाच पिशवीत जातात आणि ती पिशवी माझ्या काउंटरवर ओतली जाते.

अशीच एका आक्कांची पिशवी त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढं-मागं, पठाराच्या पायथ्याची वाडी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, सून पहाटे उसाच्या रानात. पिशवीत अकरा प्रकारच्या गोळ्या. सूनबाई म्हणाल्या, ‘‘आत्या रात्रीच्या बडबडत्यात. परवा मला म्हणाल्या, तू कोण? दोनदा पडल्या. शेजारची म्हणती बाहेरचं काहीतरी हाय.’’

बाहेरचं काही नव्हतं. जे होतं ते सगळं त्या पिशवीत होतं.

मी चिठ्ठ्या तारखांप्रमाणे लावल्या. सुरुवात रक्तदाबाच्या गोळीपासून. अॅम्लोडिपिन, अगदी सर्रास दिली जाणारी, चांगली गोळी. तिनं काही जणांचे पाय सुजतात. आक्कांचे सुजले. त्या एका दुसऱ्या डॉक्टरांकडं गेल्या. त्यांनी सुजलेले पाय पाहिले आणि लघवीची गोळी दिली. अॅम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीनं फारशी उतरत नाही, पण त्या डॉक्टरांसमोर आधीची चिठ्ठी नव्हती. आता आक्कांना रात्री चार-चारदा उठावं लागायला लागलं. मोरी घराच्या मागं, पावसाळ्यात शेवाळलेली फरशी. पहिल्यांदा पडल्या तेव्हा गुडघा दुखावला. गुडघ्यासाठी तिसऱ्या ठिकाणी दाखवलं, तिथून दुखण्याची गोळी. दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. वाढलेला रक्तदाब पाहून पहिल्या डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन दुप्पट केली. पाय आणखी सुजले. दुखण्याच्या गोळीनं पित्त झालं, म्हणून पित्ताची गोळी. रात्रीची झोप गेली, म्हणून झोपेची गोळी. झोपेच्या गोळीच्या अमलात पुन्हा मोरीकडं, आणि दुसऱ्यांदा पडणं.

यात एकाही डॉक्टरांनी वेडंवाकडं काही केलेलं नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. समोर जे दिसलं त्यावर प्रत्येकानं पुस्तकाबरहुकूम उपचार केला. एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजला गेला, त्याला नवं औषध, त्याचा पुन्हा त्रास, अशी ती रांग लागत गेली. त्याशिवाय लघवीची गोळी, दुखण्याची गोळी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडावर ताण येतो, म्हातारपणी तर फारच. वेगवेगळ्या हातांनी दिल्या गेल्या तर हे तिघं एकत्र आलेत हे कळणार कुणाला?

औषध बदलायचा अधिकार फार्मासिस्टला नाही आणि तो नसावाच. पण चिठ्ठी तपासणं, शंका आली तर डॉक्टरांना विचारणं, रुग्णाला समजावून सांगणं हे आमचं कामच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत ते लिहिलेलं आहे. मी आक्कांच्या घराला सगळ्यात जवळ असलेल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. सगळी यादी वाचून दाखवली. ते लगेच म्हणाले, ‘‘आधी सोडियम बघूया.’’

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. आक्कांचं १२१ निघालं. लघवीच्या काही गोळ्यांनी वयस्क बायकांचं सोडियम असं उतरतं, आणि मग माणूस बरळतो, तोल जातो, ओळख हरवते. घरचे म्हणतात वेड लागलं, म्हातारचळ लागला. आक्कांना दाखल करून सोडियम हळूहळू वर आणलं. ते भराभर वाढवणंही मेंदूला घातक असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी सुनेला नावानं हाक मारली.

पण मला सांगायची गोष्ट पुढची आहे. त्या डॉक्टरांनी गोळ्या कमी करायला घेतल्या तेव्हा सगळ्यांना बसवून विचारलं. आशाताई होत्या, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी होत्या, मी होते, सूनबाई होत्या. लघवीची गोळी कागदावर सकाळी लिहिलेली होती. सूनबाई खाली मान घालून म्हणाल्या, ‘‘मी पाचलाच रानात जाते. म्हणून सगळ्या गोळ्या रात्रीच देते, जेवल्यावर, मुठीत.’’ म्हणजे लघवीची गोळी रात्री नऊला पोटात जात होती. कुठल्याही तपासणीत हे सापडलं नसतं. तीन डॉक्टर, एक प्रयोगशाळा, एक औषध दुकान यांच्याकडं जे नव्हतं ते सुनेकडं होतं, आणि तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. वृद्धांच्या उपचाराविषयी बोलताना आपण ‘टीम’ म्हणतो तेव्हा पांढरे कोट डोळ्यासमोर आणतो. माझ्या मते त्या टीममधली पहिली खुर्ची घरात गोळी देणाऱ्या माणसाची.

अकराच्या सहा गोळ्या झाल्या, आणि त्याही सकाळी आठला, सूनबाई न्याहारीला परत येतात तेव्हा. आशाताईंनी पंधरवडाभर रक्तदाब मोजला, बसून आणि मग उभं करून. उभं राहिल्यावर दाब वीसनं किंवा अधिक उतरला तर चक्कर येऊन माणूस पडू शकतो; नुसता बसून मोजला तर हे कळत नाही. कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा वर येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घर पाहिलं. काठी फार उंच होती, ती मनगटाच्या रेषेपर्यंत कापायला लावली. खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम दिला. मोरीपर्यंत भिंतीला एक पाइप ठोकून घेतला, बल्ब लावला. यातलं महाग काही नव्हतं.

मॅडमनी आणखी एक केलं. आक्कांनाच विचारलं, ‘‘तुम्हाला काय करायला मिळालं पायजे?’’ आक्का म्हणाल्या, ‘‘जोतिबाला जायाचं हाय. रविवारी.’’ आम्ही सगळे सोडियम, सूज, पडणं यांत अडकलेलो. त्यांना वाडी रत्नागिरीच्या पायऱ्या हव्या होत्या. त्यानंतरचा व्यायाम पायऱ्यांच्या हिशेबानं ठरला आणि आक्का तो न चुकता करायला लागल्या. गुडघा किती अंशात वाकतो यासाठी त्यांनी एवढे कष्ट घेतले नसते.

लोकांना वाटतं, म्हातारपणी आजार वाढतात म्हणून गोळ्या वाढतात, त्याला इलाज नाही. निम्मंच खरं. आजार वाढतात हे खरंच. देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०२१ च्या सुरुवातीला ‘लासी’ नावाचा अहवाल निघाला. त्यानुसार साठीपुढच्या सुमारे ७५ टक्के लोकांना कुठला ना कुठला दीर्घकाळचा आजार आहे, आणि सुमारे २० टक्क्यांना मनाच्या आरोग्याची तक्रार आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं जवळपास दहा टक्के, म्हणजे १ कोटी ११ लाखांच्या आसपास होती. पन्हाळ्यासारख्या तालुक्यात, जिथली तरणी पोरं पुण्या-मुंबईला नाहीतर एमआयडीसीत, तिथं गल्लीत उरलेली माणसं पाहिली की हे प्रमाण डोळ्यांनाच जाणवतं.

पण एका माणसाला पाच आजार असणं वेगळं आणि ते पाच आजार पाच खात्यांत वाटले जाणं वेगळं. दुसरी गोष्ट आपण केलेली आहे, त्यामुळे ती बदलता येते.

ती बदलता येते हे नव्वद वर्षांपूर्वी एका डॉक्टर बाईंनी दाखवलं. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला १९३५ मध्ये शेजारचं गरीब-निराधारांचं जुनं इस्पितळ जोडलं गेलं, आणि तिथले ७१४ रुग्ण मार्जरी वॉरेन यांच्याकडं आले. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, ‘आता काही होणार नाही’ म्हणून ठेवून दिलेली माणसं. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासलं. नर्स, व्यायामतज्ज्ञ, समाजसेविका यांना सोबत घेतलं. कुणाला चालवायला लावलं, कुणाला कपडे घालायला शिकवलं, वॉर्डांना उजळ रंग दिला. अनेक जण घरी गेले आणि खाटा २४० च्या घरात आल्या. वृद्धांचं वैद्यकशास्त्र म्हणून आज जे शिकवतात त्याची सुरुवात इथली मानतात. २०१७ मध्ये कोक्रेन या संस्थेनं नऊ देशांतल्या २९ चाचण्या एकत्र तपासल्या, १३ हजारांहून जास्त वृद्ध रुग्णांच्या. अनेक जणांनी मिळून अशी समग्र तपासणी आणि आखणी केली तर रुग्णालयातून सुटल्यावर वर्षभरापर्यंत माणूस जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. फरक प्रचंड नाही. पण ‘स्वतःच्या घरी’ हे शब्द वाचून मी थांबले होते, कारण आमच्याकडं येणारा प्रत्येक म्हातारा माणूस हेच मागत असतो.

आपल्या देशात चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग काढला. पुढं १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाची एम.डी. सुरू झाली. २०१०-११ पासून केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड आणि फिजिओथेरपी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना, अंथरुणावरच्या माणसांसाठी घरभेट, असं सगळं मांडलेलं आहे. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का. हे प्रश्न ज्यानं घातले त्याला म्हातारपण कळतं. अडतं ते पुढं. फॉर्मवर ‘होय’ आलं की ते ‘होय’ कुणाच्या कानावर जायचं?

इथं मला डॉक्टरमंडळींशी मनापासून बोलायचं आहे. मी अनेकांना फोन केले आहेत आणि बहुतेकांनी सौजन्यानं ऐकलं आहे. पण एक वाक्य फार वेळा कानावर येतं: ‘‘ती गोळी त्यांनी दिलीय ना, मग आपण कशी बंद करायची?’’ दुसऱ्याच्या गोळीला हात लावायचा नाही, हा वैद्यकीय व्यवसायातला न लिहिलेला शिष्टाचार आहे. त्यामागं आदर आहे. गावच्या बीएएमएस डॉक्टरांना शहरातल्या तज्ज्ञांची गोळी थांबवायला संकोच वाटतो. तज्ज्ञांना दुसऱ्या शाखेतल्या तज्ज्ञांची. मग नवी गोळी सुरू करायला एक माणूस पुरतो आणि जुनी बंद करायला कुणीच पुरत नाही. वर्षामागून वर्षं पिशवी जड होत जाते. हा आदर म्हाताऱ्या माणसाच्या शरीरावर जमा होतो.

माझं मत असं झालंय की प्रत्येक वृद्ध रुग्णाचा एक डॉक्टर ठरलेला असावा, ज्याला सगळ्या गोळ्यांकडं एकत्र पाहायचा आणि गरज पडली तर थांबवायचा अधिकार आहे, आणि हे बाकीच्या डॉक्टरांना कळवलेलं आहे. तो डॉक्टर सगळ्यात मोठ्या पदवीचा असावा असं मी म्हणत नाही. तो सगळ्यात जवळचा असावा. ज्याला मोरी घराच्या मागं आहे हे माहीत आहे, सून पहाटे रानात जाते हे माहीत आहे, जो पावसात पोचू शकतो. तज्ज्ञांनी त्याला सांगावं, त्यानं तज्ज्ञांना विचारावं. हे फोनवर पाच मिनिटांत होतं. ई-संजीवनीवरून गावच्या केंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी बोलायची सरकारी सोयही आहे.

‘पावसात पोचू शकतो’ हे मी उगीच म्हटलं नाही. जुलै २०२१ मध्ये एकाच आठवड्यात पंचगंगेचा महापूर आला, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला आणि गडावर येणारा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचला. वाहनं बंद. आमच्याकडं केर्लीजवळ पाणी आलं तरी कोल्हापूर तुटतं; त्या वेळी तर सगळ्याच बाजूंनी तुटलं, आणि करोना चालूच होता. औषधांचा माल कोल्हापुरात अडकलेला. त्या दिवसांत ज्या घरांत गोळ्यांची एक स्वच्छ यादी होती, औषधाच्या मूळ नावासकट, त्यांना मी दुकानात होतं त्या दुसऱ्या कंपनीचं तेच औषध डॉक्टरांना विचारून देऊ शकले. ज्या घरांत ‘ती पांढरी गोल, रेघ असलेली’ एवढीच माहिती होती, तिथं फार हाल झाले. पांढऱ्या गोल गोळ्या माझ्याकडं शेकड्यांनी आहेत. तेव्हापासून मी वृद्धांच्या घरी यादी लिहून देते. मराठीत, ठळक अक्षरात: औषधाचं नाव, कशासाठी, कधी घ्यायचं, कुणी सुरू केलं. चौथ्या रकान्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. प्रश्न पडला की फोन कुणाला करायचा ते तिथं लिहिलेलं असतं.

रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे मला सगळ्यात धोक्याचे वाटतात. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं, दाखल होण्याआधीच्या गोळ्या घरी डब्यात असतात, नव्या पिशवीत असतात, आणि दोन्ही चालू राहतात. नावं वेगळी, औषध एकच. एका निवृत्त एसटी ड्रायव्हर आजोबांचं सांगते. पुरःस्थ ग्रंथी वाढलेली, म्हणजे ज्याला सगळे प्रोस्टेट म्हणतात ते. पावसाळ्यात गडावर आठ-आठ दिवस धुकं उतरत नाही. सर्दी झाली, त्यांनी घरातली सर्दीची जुनी गोळी घेतली. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी अडते. रात्री १०८ बोलवावी लागली, कॅथेटर घातला, आणि अनोळखी वॉर्डात रात्रभर त्यांना भ्रम होत राहिला. मात्र तिथल्या सिस्टरनी सोडताना कार्डाच्या मागं मराठीत तीन ओळी लिहिल्या: कॅथेटर कधी काढायचा, सर्दीच्या कुठल्या गोळ्या यापुढं घ्यायच्या नाहीत, आणि गावातल्या डॉक्टरांना हे दाखवा. त्या तीन ओळींमुळं मी, गावचे डॉक्टर आणि आजोबांचा मुलगा एकाच पानावरून बोललो. त्या सिस्टरना मी कधी भेटले नाही. माझ्या लेखी त्या आजोबांच्या उपचारातल्या सगळ्यात महत्त्वाच्या व्यक्ती.

वाचकांपैकी बऱ्याच जणांची आई किंवा वडील गावी असतील आणि तुम्ही लांब असाल. तुम्ही सुट्टीला याल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं, तेलं, पूर्वीच्या उरलेल्या पट्ट्यांसकट एका पिशवीत भरून जवळच्या डॉक्टरांसमोर ओता. चूर्ण सांगायला लाजू नका. सांधेदुखीच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि ते अचानक थांबवलं तरी धोका असतो. मनानं मात्र काही बंद करू नका. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं वृद्धांसाठी सुचवलेली एक सोपी चाचणी घरीच करून पाहा. फूल, दार, तांदूळ असे तीन शब्द सांगा आणि थोड्या वेळानं विचारा. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगा. चौदा सेकंदांत व्हायला हवं. गेल्या तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलं का, भूक गेली का ते पाहा. लांबचं, जवळचं दिसतं का, मागून कुजबुजलेलं ऐकू येतं का. आणि शेवटचं: गेल्या पंधरा दिवसांत मन उदास आहे का, कशात रस वाटेनासा झालाय का. हा प्रश्न विचारायला आपल्याकडं जड जातं. विचारा. भूक गेलेली असते आणि सगळे पोटाची तपासणी करत बसतात. खरं तर कवळी सैल झालेली असते, नाहीतर जेवायला सोबत कुणी नसतं. कवळीचं काम नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी होतं. सोबतीचं काम ज्याचं त्यानं पाहायचं.

आता पैशाविषयी. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, उत्पन्नाची अट नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी कार्ड काढलेलं नाही त्यांनी काढावं. पण हा पैसा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. आक्का तिसऱ्यांदा पडून त्यांचा खुबा मोडला असता तर ऑपरेशनला पैसे मिळाले असते. त्या पडू नयेत म्हणून डॉक्टरांनी तीन ठिकाणी फोन केले, आशाताईंनी पंधरवडाभर चढ चढून रक्तदाब मोजला, फिजिओथेरपिस्ट मॅडम मोरी पाहायला गेल्या. या बोलण्याला, या चालण्याला कुठल्याच हिशेबात रकाना नाही. सगळं ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर चालतं, आणि चांगली माणसं बदली होऊन जातात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंची महिन्याची बैठक असते. त्या बैठकीत अर्धा तास फक्त गुंतागुंतीच्या वृद्ध रुग्णांसाठी ठेवावा, पाच-सहा नावं घ्यावीत, गावातल्या खासगी डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टला आणि औषध दुकानदाराला त्या अर्ध्या तासापुरतं बोलवावं, आणि प्रत्येक नावापुढं जबाबदार डॉक्टराचं नाव लिहून उठावं, अशी माझी मागणी आहे. आरोग्य अधिकाऱ्यांना मी ती लेखी दिली आहे. दुपारी दोन ते चार माझं दुकान बंद असतं. त्या वेळेत बैठक ठेवली तर पन्हाळ्याहून कुठल्याही केंद्रावर यायला मी तयार आहे.